काकू, घ्यायची तर एकदाच घ्या

आधीच सांगून टाकते, पिस्टल म्हणजे एअर पिस्टल, दहा मीटरवाली, ४.५ एमएमचे छर्रे मारणारी. हे सांगायलाच लागतं, कारण बँकेत मी सहज "पिस्टल घ्यायची आहे" म्हणाले तर शेजारच्या काउंटरवरून कॅशिअर मॅडमनी गिऱ्हाइकांसमोरच विचारलं, कुणाचा एवढा राग आलाय?

माझं वय ४३, कोल्हापुरात एका सहकारी बँकेत नोकरी, आणि खेळाशी संबंध म्हणाल तर आठवीपर्यंत खो-खो. शूटिंगला मी नाही, आमचं पोरगं गेलेलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकला स्वप्निल कुसाळेनं शूटिंगचं ब्रॉन्झ घेतलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, इथं मिरवणूक निघाली, आणि त्या महिन्यात कोल्हापुरातल्या निम्म्या घरांत पोरांनी मला पण शूटिंग रेंजला घाला म्हणून जेवण सोडलं असेल. स्वप्निल रायफलवाला, पण रायफलचं ते जाड जॅकेट, पँट, बूट यांचा हिशोब ऐकून आम्ही पोराला गुपचूप पिस्टलला घातलं. दोन महिने गेला आणि मग परत क्रिकेट. फी तीन महिन्यांची भरलेली. आता भरलेले पैसे वाया घालवायचे नाहीत हा आमच्या घरातला एकमेव अलिखित कायदा, म्हणून उरलेले दिवस मीच जायला लागले, सकाळी सहा ते साडेसात, डबे करून. रेंजवर शिकवणारे सर म्हणाले चालेल. आणि अडकले की ओ.

त्यात काय आहे हे सांगता येत नाही नीट. हात लांब करून उभं राहायचं, श्वास अर्धा सोडायचा, आणि दहा मीटरवर जे दहाचं वर्तुळ आहे ते साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. त्या वेळात डोक्यात सासर नाही, माहेर नाही, एनपीए नाही.

क्लबच्या पिस्टल चार आणि आम्ही चौदा जणं. त्यातल्या दोन चांगल्या, त्या नॅशनलची तयारी करणाऱ्या पोरांकडे, ते बरोबरच आहे. माझ्या वाट्याला जी यायची तिची ग्रिप मोठ्या हाताची, माझा अंगठा कुठं ठेवायचा तेच कळायचं नाही, आणि रोज कुणीतरी साईट, म्हणजे नेम धरायची खूण, फिरवून ठेवलेली असायची त्यामुळं पहिले पंधरा छर्रे साईट परत जागेवर आणण्यातच जायचे. ६० शॉटला, म्हणजे सहाशेपैकी, माझा स्कोअर ४७० ते ५०० च्या मधे हेलकावे खात होता. सहा महिने झाल्यावर सर म्हणाले, मॅडम आता तुमचं स्वतःचं काहीतरी बघा, नाहीतर तुम्ही पिस्टलला शिव्या देत बसणार आणि मी तुम्हाला.

बजेट सत्तर हजार. एक आरडी मॅच्युअर झाली होती. नवऱ्यानं एकच वाक्य बोलून विषय संपवला, तेवढ्यात सेकंडहॅंड ॲक्टिव्हा येते. येते, मान्य आहे. मग त्यांनी लायसनचं काढलं. तर ०.१७७ बोअरच्या, म्हणजे ह्याच ४.५ एमएमच्या एअर पिस्टलला आपल्याकडे शस्त्र परवाना लागत नाही. आपल्या कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबत २५ मीटरला मारते ती .२२ ची, खरी काडतुसाची, तिला लागतो. ही हवेवर चालते. दुकानदार आधार-पॅनची झेरॉक्स आणि फोटो घेतो आणि पक्कं बिल देतो, ते बिल मात्र सोन्याच्या पावतीसारखं जपून ठेवायचं आणि त्याची झेरॉक्स कायम पिस्टलच्या पेटीत. कारण प्रवासात कुणी पेटी उघडायला लावली की पहिल्यांदा बघणाऱ्याला ती खरीच वाटते.

आता मतं. मी बँकेची बाई, दहा ठिकाणी चौकशी केल्याशिवाय मिक्सरसुद्धा घेत नाही, तर हे सत्तर हजार. रेंजवर ज्याच्या-ज्याच्याकडे स्वतःची पिस्टल आहे त्या प्रत्येकाला मी पकडलं. पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की "कशी आहे तुमची?" हा प्रश्न विचारायचाच नाही. आपण घेतलेली वस्तू वाईट आहे असं कोण म्हणेल, ते म्हणजे नवरीच्या आईला मुलगी कशी आहे विचारल्यासारखं. प्रश्न असा विचारायचा की गेल्या वर्षभरात काय बिघडलं आणि किती दिवस बंद होती. मग माणूस खरं बोलायला लागतो.

पहिला म्हणजे इंजिनिअरिंगचा पोरगा, त्याच्याकडे मोरिनी, १६२ ईआय, इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवाली. तो मला काकू म्हणतो, मी काही बोलत नाही. "काकू, घ्यायची तर एकदाच घ्या, स्वस्तातली घ्याल आणि दोन वर्षांनी परत हीच घ्याल, मग ते आधीचे पैसे पाण्यात." बोलणं पटण्यासारखं. त्यानं मला पाच शॉट मारू दिले आणि खोटं कशाला बोलू, ट्रिगर म्हणजे काय, माऊसचं बटण दाबल्यासारखा, बोटाला कळायच्या आत सुटतो. नवीन घ्यायची तर दोन लाखांच्या वर. त्याची पण सेकंडहॅंडच, वडिलांनी कर्ज काढून दिलेली. बिघाडाचं विचारलं तर म्हणाला काही नाही, एकदा ऐन मॅचला बॅटरी संपली पण ती माझीच चूक. हे ऐकून शेजारी बसलेले एक काका लगेच सरसावले, टोकियोत मनू भाकरचं काय झालं बघितलंत ना. बघितलं होतं. २०२१ मध्ये टोकियोत क्वालिफिकेशन चालू असतानाच तिची पिस्टल बिघडली, दुरुस्तीत पंधरा-वीस मिनिटं गेली, ५७५ वर थांबली, बारावी आली आणि फायनल दोन पॉइंटनी हुकली. पण त्याच मुलीनं पॅरिसला त्याच प्रकारात ब्रॉन्झ घेतलं हे काका सांगत नाहीत. आणि दुसरं म्हणजे मोरिनीवाल्या पोराचं ॲव्हरेज तेव्हा ५४८ होतं, आणि दोन लेन पलीकडे त्याच्या निम्म्या किमतीच्या पिस्टलवर एक नववीतली मुलगी ५६० मारत होती. हे मी त्याला म्हणाले नाही. पोरगं चांगलं आहे.

दुसरे गुरुजी. रिटायर्ड, सत्तरीच्या जवळ, त्यांच्याकडे रशियन बैकल, आयझेडएच ४६ एम, इझेव्स्कची. रेंजवर सगळे तिला नुसतं बैकल म्हणतात, बुलेटला बुलेट म्हणावं तसं. बाकीच्यांसारखा हिला हवेचा सिलेंडर नाही, खालचा लांब लिव्हर पुढं ओढून परत मागं दाबला की एका शॉटची हवा भरते. गुरुजींचं म्हणणं, हवा भरायला कुणाच्या दारात जायला नको, सिलेंडरची मुदत नाही, पंप नको, आणि कार्डावर, म्हणजे नेमाच्या कागदावर, त्या महागड्या सिलेंडरवाल्या पिस्टलएवढाच बारीक ग्रुप पडतो, भोकं एकमेकांना चिकटून. हे सगळं खरं आहे. मी त्यांच्याच पिस्टलवर एक पूर्ण मॅच मारून बघितली, म्हणजे बघायला गेले. पंचविसाव्या शॉटला माझा उजवा दंड आणि डावा पंजा दोन्ही बोलायला लागले. ती जवळजवळ १.३ किलोची, वजन पुढं झुकलेलं, आणि साठ शॉट म्हणजे साठ वेळा लिव्हर, वर साईटरचे, म्हणजे मॅचआधीच्या सरावाच्या शॉटचे, वेगळे. २०१८ च्या आधी बायकांना ४० शॉट असायचे, आता बायका-पुरुष दोघांना ६०, वेळ ७५ मिनिटं. समानता आली ती अशी दंडावर आली. आणि नवीन बैकल आता सहज मिळत पण नाही, जी फिरते ती जुनीच.

मात्र गुरुजींनी एक गोष्ट सांगितली जी बाकी कुणी सांगितली नाही, ती पुढं येतेच.

तिसरे इचलकरंजीचे एक पालक, यंत्रमागवाले, ती ५६० वाली मुलगी त्यांची. तिच्याकडे हॅमर्ली एपी २०. ह्या माणसानं स्वतः आयुष्यात एक शॉट मारलेला नाही, त्यामुळं त्याला कशाचाच अभिमान नव्हता आणि म्हणून सगळ्यात कामाचं मत त्याचंच निघालं. खिशातून छोटी वही काढली, मागावाले ठेवतात तसली, आणि त्यात पिस्टलचा खर्च एका ओळीत आणि बाकीचा अडीच पानं. हवा भरायचा हातपंप. छर्र्यांचे डबे. रोज ऐंशी शॉट धरले, आठवड्याला पाच-सहा दिवस, तर पाचशेचा डबा आठवड्या-सव्वा आठवड्यात संपतो. सरावाला स्वस्तातले, मॅचला आरडब्ल्यूएस आर १० नाहीतर एच अँड एनचे फिनाले मॅच. रेंजची फी. इचलकरंजी-कोल्हापूर रोजचं येणं-जाणं. "मॅडम, पिस्टल एकदाच घ्यायची, छर्रे रोज. माझं सूत रोज लागतं, माग एकदाच घेतला, तसंच हे." मग मी विचारलं हीच का घेतली. म्हणाले पोरीच्या हातात बसली, मला बाकी काय कळतंय.

मधे बँकेतल्या एकाच्या भाच्यानं सहा हजारात स्प्रिंगवाली पिस्टल देतो म्हणून आणून दाखवली, नळी खाली वाकवून छर्रा भरायची. अंगणात डबे पाडायला झकास. कार्डासाठी नाही, स्प्रिंग सुटली की अख्खी पिस्टल हातात उडी मारते आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधी तुमचा नेम गेलेला असतो. त्याला चहा पाजून परत पाठवला. दुकानदारांना पण फोन केले. एकाला पाच मिनिटं बोलल्यावर माझा हात लहान आहे सांगितलं तर तो म्हणाला, मॅडम बिगिनरला हीच जाते. हात न बघता.

आता गुरुजींचं. एक दिवस माझं कार्ड बघत बसले होते, पांढऱ्यात दोन, काळ्यात बाकीचे, उभे पसरलेले. म्हणाले, पुढची साईट तुला कशी दिसते? म्हणलं दिसते की. म्हणाले, कडा धारदार दिसते की लोकरीची? मी परत बघितलं. लोकरीची. मी इतके महिने समजत होते की ती तशीच दिसते! एअर पिस्टलमध्ये नजर कार्डावर ठेवायची नसते, पुढच्या साईटवर ठेवायची, कार्ड धूसर दिसलं तरी चालतं. आणि चाळिशीनंतर हाताच्या अंतरावरचं असं धूसर व्हायला लागतं हे काय मला माहीत नव्हतं का, बँकेत चेकवरची सही बघताना मी मान मागं घेतेच की, पण इथं डोक्यातच आलं नाही. बाकीच्या सगळ्या मालकांची वयं चौदा ते बावीस, त्यांना कुठून सुचणार? डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांना सांगितलं मला हात लांब केल्यावर हाताच्या थोडंसं पुढचं स्पष्ट दिसायला पाहिजे, पेपर वाचायचा नाही. ते आधी हसले आणि मग मात्र अगदी मन लावून बसले, स्केलपट्टी धरायला लावली. लांबच्या नंबरात अर्धा-पाऊण प्लस घालून उजव्या डोळ्याची वेगळी काच दिली. खर्च अठराशे. त्याच खडबडीत क्लबच्या पिस्टलवर आठ दिवसांत ५१२. म्हणजे बघा, सत्तर हजार घेऊन निघालेली बाई अठराशेत बारा पॉइंटनी पुढं गेली. नवऱ्याला हे मी दोन महिने सांगितलं नाही.

पण पिस्टल तर घ्यायचीच होती, मनात बसलं की बसलं. नवीन एपी २० बजेटच्या बाहेर जात होती, लाखाच्या आसपास बोलत होते. मग सेकंडहॅंड बघायला लागले. पुण्यातून एक स्टेयर एलपी २ निघाली. स्टेयर ऑस्ट्रियाची, तिची मोठी बहीण एलपी १०, त्यात धक्का खाऊन टाकणारा स्टॅबिलायझर असतो, एलपी २ मध्ये तो नाही, म्हणून स्वस्त. सर म्हणाले तुम्हाला तो असला काय नसला काय, कळायला ५६० पाहिजे. एकदम तोंडावर. किंमत ठरली बासष्ट हजार.

रविवारी पहाटेच्या एसटीनं पुणे, तिथून बालेवाडी, म्हणजे जिथं २००८ ची युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाली तिथली रेंज, तिथंच विकणारा भेटणार होता. पोरगा नीटनेटका, नोकरी लागली म्हणून खेळ सोडलेला. गुरुजींनी कागदावर लिहून दिलेलं सगळं मी बघितलं. सिलेंडर भरून गेजवरचा आकडा लिहून घेतला आणि चहा-वडापाव होईपर्यंत तासभर तशीच ठेवली, आकडा हलला नाही म्हणजे गळती नाही. टेबलावर हात टेकून पाच-पाच शॉटचे तीन ग्रुप, तिन्हींना एकच भोक. ट्रिगरचा पहिला टप्पा, दुसरा टप्पा, अडकत नाही. मूळ पेटी, मूळ बिल, चाव्या. साध्या कागदावर दोघांचे आधार नंबर टाकून विकल्याचं लिहून घेतलं, सह्या, मी बँकेची म्हणून साक्षीदाराची पण. एवढं सगळं व्यवस्थित करून मी संध्याकाळच्या गाडीनं पेटी मांडीवर घेऊन परत आले, बाळ आणल्यासारखी, शेजारच्या आज्जींनी विचारलं सतार आहे का, म्हणलं हो छोटी आहे.

दुसऱ्या दिवशी सरांनी पिस्टल हातात घेतली, ट्रिगर नाही बघितला, साईट नाही बघितली, सिलेंडर काढला आणि उलटा केला. त्यावर छापलेलं असतं, बनवल्याचं साल आणि महिना.

ह्या सिलेंडरला बनवल्यापासून दहा वर्षांची मुदत असते. आत २०० बारनी हवा, म्हणजे गाडीच्या टायरच्या जवळजवळ शंभरपट, तर ते बरोबरच आहे म्हणा. मुदत गेलेला सिलेंडर स्पर्धेत चालत नाही आणि नियम बाजूला ठेवला तरी स्वतःच्या तोंडासमोर धरायची वस्तू आहे. आणि छापलेलं साल-महिना मोजलं तर माझ्या बासष्ट हजाराच्या पिस्टलच्या सिलेंडरचं पाच महिने आयुष्य उरलेलं. विकणाऱ्याला फोन लावला, तो म्हणाला ताई ते छापलेलंच असतं की, तुम्ही बघितलं असेल म्हणून मी बोललो नाही. काय बोलणार? छापलेलंच असतं. मी आयुष्यभर लोकांच्या एफडीच्या मुदती बघत आले.

नवीन सिलेंडर अठ्ठावीस हजार, आणि दीड महिना वाट. बासष्ट अधिक अठ्ठावीस नव्वद. थोडे घातले असते तर नवीन एपी २० आली असती, नव्या सिलेंडरसकट, वॉरंटीसकट. त्यामुळं आता मला कुणी सेकंडहॅंडचं मत विचारलं तर मी आधी सिलेंडरचं साल विचारते, मग पिस्टल कुठली ते, आणि उरलेल्या वर्षांचा भागाकार करून किंमत ठरवायला सांगते. सहा वर्षं गेलेला असेल तर त्याची चार वर्षंच तुम्ही विकत घेताय. इचलकरंजीवाल्यांनी हे ऐकून वहीत लिहून घेतलं, तेवढाच मान.

सिलेंडरचं झालं, मग ग्रिप. पिस्टलवर ग्रिप मीडियम होती, माझा हात स्मॉल. नवीन ग्रिप मागवायला परत दहा-बारा हजार, म्हणलं आता एक रुपया नाही. गुरुजी म्हणाले त्यात काय, लाकूडच आहे. आमच्या गल्लीत एक सुतारमामा आहेत, देव्हारे करतात. त्यांच्याकडे फक्त ग्रिप घेऊन गेले, पिस्टल नाही. त्यांनी उलटीसुलटी करून विचारलं हे कशाचं हँडल, मी खरं सांगितलं, तर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो देव्हाऱ्याला कधी येत नसेल. अक्रोडाचं लाकूड आहे, बाई, खराब करायला जीव होत नाही म्हणाले. मग आम्ही तीन संध्याकाळी बसलो. तळव्याला शाई लावायची, निळी, आमच्या बँकेच्या स्टॅम्पपॅडची, ग्रिप धरायची, जिथं डाग दाट पडतो तिथं जास्त दाबतंय, तिथं कानस. जिथं डागच नाही तिथं पोकळ, तिथं लांबी, म्हणजे पुटी, भरायची, ओली असतानाच हात दाबून ठसा घ्यायचा, वाळली की पॉलिश पेपर. अंगठ्याखाली कमी केलं, करंगळीखाली भरलं. तिसऱ्या दिवशी डोळे मिटून पिस्टल धरली, हात उचलला, डोळे उघडले तर पुढची साईट मागच्या खाचेत बरोबर मधे. मी परत केलं. परत मधे. मामांना नऊशे रुपये दिले, ते पाचशेच घेत होते.

आणि इथं मला खरं तर कळलं की एवढे दिवस मी ज्यांना-ज्यांना मत विचारत होते ते सगळे पिस्टलचं नाव सांगत होते आणि बोलत होते आपापल्या हाताबद्दल. मोरिनीवाल्याचा हात लांब बोटांचा. गुरुजींचा तळवा रुंद, त्यांनी स्वतःची ग्रिप सागवानात करून घेतलेली. एपी २० ची ग्रिप त्या नववीतल्या मुलीला नुसती लावल्या-लावल्या बसली. ही तीन मतं एकमेकांच्या विरुद्ध कुठं होती, तीन हात होते. घेताना मी हे कुणालाच विचारलं नव्हतं, की तुमची ग्रिप कंपनीतून आली तशीच आहे का, का बदलली, किती घासली.

पहिली स्पर्धा जिल्ह्याची. इक्विपमेंट कंट्रोलला रांगेत उभी. तिथं पिस्टल पेटीत बसते का बघतात, ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरची, वजन दीड किलोच्या आत, आणि ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लटकवून उचलतात, ते उचलताना ट्रिगर सुटला नाही पाहिजे. माझा सुटला. आधीच्या मालकानं हलका करून ठेवलेला, आणि मला तो आवडत होता, मला वाटायचं ऑस्ट्रियाचा ट्रिगर असाच लोण्यासारखा! मागं वीस पोरं रांगेत, काकूंची पिस्टल फेल झाली म्हणून कुजबुज, माझे कान लाल. मोरिनीवाला पोरगा रांग सोडून आला, खिशातून बारीक ॲलन की काढली, दोन मिनिटांत स्क्रू फिरवून परत लटकवलं, राहिलं. "आता जड लागेल काकू, ओढू नका, दाबत राहा." जड लागलाच. पहिली सिरीज ७९, दहा शॉटची. मग हळूहळू ८५, ८८. एकूण ५१९. तेव्हापासून घरी वजनकाट्याचं पाचशेचं वजन आणि सुतळी पेटीत असते, किराणावाल्याकडून आणलेलं, ते परत दिलेलं नाही.

घरचं सांगायचं राहिलं. सासूबाईंनी पिस्टल आल्यावर पहिले आठ दिवस त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मग मी रोज रात्री वीस मिनिटं ड्राय करायला लागले, म्हणजे छर्रा नाही, हवा नाही, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून नुसता ट्रिगर दाबायचा आणि साईट हलते का बघायचं. त्या दारात उभ्या राहून बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, भिंतीनं काय केलंय तुझं? मग समोर बसून बघायला लागल्या, मग हललीस हललीस म्हणून सांगायला लागल्या, आणि गंमत म्हणजे त्यांचं बरोबर असायचं, त्यांना माझ्या खांद्यात आधी दिसतं. आता त्या माझ्या दुसऱ्या कोच, फी म्हणजे रात्रीचं हळदीचं दूध. पिस्टल कुलपात, चावी माझ्याकडे, छर्रे वेगळ्या कपाटात, पोराला सक्त ताकीद, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे आणि ह्यात लाड नाहीत.

लोक विचारतात पश्चात्ताप होतो का, एपी २० घ्यायला हवी होती का. पैशाच्या दृष्टीनं हो, सरळ हो. हातात घेतल्यावर नाही. माझं ॲव्हरेज आता ५३० च्या आसपास आहे, मनू भाकरनं पॅरिसला क्वालिफिकेशनमध्ये ५८० मारले होते, तेव्हा मधले पन्नास पॉइंट पिस्टलचे नाहीत हे मला माहीत आहे. स्टॅबिलायझर नाही हे मला अजून तरी जाणवलेलं नाही. सरांनी सांगितलेले ५६० झाले की जाणवेल, तेव्हाचं तेव्हा.

परवा खंडेनवमीला सासूबाईंनी पाटावर सगळं मांडलं, खुरपं, विळी, शिलाई मशिनची कात्री, नवऱ्याचे नटबोल्टचे पाने, पोराची बॅट, आणि मधोमध स्टेयर. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, अक्षता. हळद सढळ हातानं. मला कौतुक वाटलं म्हणून मी काही बोलले नाही, आणि दसऱ्यानंतर दोन दिवसांनी रेंजवर पिस्टल उचलली तर मागच्या साईटच्या खाचेत पिवळं, पुढची साईट पिवळी, सर म्हणाले ही कुठली नवीन फायबर ऑप्टिक? जुना टूथब्रश आणून खाच साफ करत बसले होते तेव्हा एक नवीन बाई आल्या, मुलीला घेऊन, माझ्याच वयाच्या. म्हणाल्या मला पण सुरू करायचंय, तुमची ही पिस्टल कशी आहे?

म्हणलं आधी हात दाखवा.